मागील पानावरून पुढे: सोसायटीचे हिशेब नव्या फाइलमध्ये नेताना

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून निम्मे लोक पुढचा भाग लावतील, याची मला कल्पना आहे. विषय आहे अकाउंटिंग सॉफ्टवेअर. त्यातही, एका फाइलमधली खात्यांची रचना दुसऱ्या फाइलमध्ये कशी न्यायची. थांबा, जाऊ नका. तुम्ही पंचवीस-तीसचे असाल, ठाणे-डोंबिवलीकडे सोसायटीत राहत असाल आणि लॅपटॉपवर काहीतरी काम करता हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत असेल, तर हे काम एक ना एक दिवस तुमच्या गळ्यात पडणार आहे. कमिटी बदलते, पार्टटाइम येणारा अकाउंटंट काम सोडतो, त्याच्या मशीनवरचा डेटा एका पेनड्राइव्हवर येतो आणि सेक्रेटरी काका तुमच्या दारावर येतात. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? हे जरा नवीन फाइलमध्ये टाकून दे. पाच मिनिटांचं काम आहे."

बटणं दाबायला खरंच पाच मिनिटंच लागतात. मी डोंबिवली पूर्वेतल्या एका सोसायटीसाठी हे केलं तेव्हा तीन रविवार गेले. ते का गेले, तेच आज सांगतो.

आधी शब्द पक्के करू. अकाउंटिंगच्या कुठल्याही फाइलमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली, खात्यांची रचना, म्हणजे कुठली खाती आहेत आणि कुठलं खातं कुठल्या गटाखाली येतं. इंग्रजीत याला चार्ट ऑफ अकाउंट्स म्हणतात, मी आज सरळ 'झाड' म्हणणार आहे, कारण स्क्रीनवर ते तसंच दिसतं: फांदी, पोटफांदी, पान. दुसरी गोष्ट, प्रत्येक खात्यातली शिल्लक. आणि तिसरी, त्या शिलकेपर्यंत नेणाऱ्या सगळ्या नोंदी. कुणी म्हणालं "डेटा नवीन फाइलमध्ये घे", तर पहिला प्रश्न विचारायचा: या तिघांपैकी काय काय? काकांना झाड आणि शिल्लक हवी होती, जुन्या नोंदी नको होत्या. हे कळायलाच पहिला रविवार संपला.

हे काही कॉम्प्युटरनं आणलेलं काम नाही. लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पूजतात, ती वही कोरी असते, पण धंदा कोरा नसतो. जुन्या खतावणीतली खाती नव्या वहीत मांडायची आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मागील बाकी ओढायची. 'मागील पानावरून पुढे' हे आपण आता टोमण्यासारखं वापरतो, पण मूळचा तो हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. तो मुनीम एक गोष्ट नकळत करत होता, जी सॉफ्टवेअर करत नाही. प्रत्येक खातं हातानं लिहिताना ते एकदा त्याच्या नजरेखालून जात होतं. एक्स्पोर्टचं बटण दाबलं की ती नजर जाते.

आता झाडाकडे येऊ. सोसायटीचं झाड दुकानाच्या झाडापेक्षा वेगळं असतं, आणि बहुतेक घोळ इथेच होतात. दुकानात पैसा आला की साधारणपणे ती विक्री, म्हणजे उत्पन्न. सोसायटीत तुम्ही महिन्याला जे मेंटेनन्स भरता, त्यातले काही पैसे उत्पन्न असतात आणि काही नसतात. वॉचमनचा पगार, लिफ्टची देखभाल, जिन्यातले दिवे यासाठीचे पैसे सोसायटीचं उत्पन्न, ते वर्षात येतात आणि वर्षात खर्च होतात. पण त्याच बिलात सिंकिंग फंडाची एक ओळ असते. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के घ्यायचा, जमिनीची किंमत वगळून. दुरुस्ती आणि देखभाल निधी किमान ०.७५ टक्के. हे उत्पन्न धरायचं नसतं. ही इमारतीच्या म्हातारपणाची तरतूद आहे, म्हणून ती ताळेबंदात निधीच्या बाजूला बसते.

आकडा घेऊन बघू. समजा, फ्लॅटचा बांधकाम खर्च ८ लाख. ०.२५ टक्के म्हणजे वर्षाला २,००० रुपये. २४ फ्लॅट असतील तर वर्षाला ४८,०००, दहा वर्षांत ४ लाख ८० हजार, व्याज वेगळं. आता कल्पना करा, नव्या फाइलमध्ये 'सिंकिंग फंड' हे खातं चुकून उत्पन्नाच्या फांदीखाली बसलं. बेरजा सगळ्या जुळतात. तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स एका पैशानं चुकत नाही. पण वर्ष संपलं की उत्पन्नाची खाती शून्य होतात आणि ते ४८,००० वाढाव्यात विरघळतात. वार्षिक सभेत काका उभे राहून सांगतात, यंदा आपल्याला चांगला वाढावा आहे. मागून कुणीतरी म्हणतं, मग मेंटेनन्स कमी करा की! आणि सगळे टाळ्या वाजवतात.

असं झालेलं मी पाहिलंय. इंटरनेटवरून उतरवलेलं सोसायटीचं तयार झाड होतं, दिसायला एकदम व्यवस्थित, आणि त्यात सिंकिंग फंड, रिपेअर फंड दोन्ही 'इन्कम'खाली. उपविधीच सांगतात की १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांच्या वरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करून घ्यायचं. डोंबिवलीत, जुन्या ठाण्यात, कल्याणात नव्वदच्या दशकातल्या किती इमारती आता त्या तिशीला टेकल्यात ते तुम्ही खिडकीतून बाहेर बघूनच सांगू शकाल. ऑडिटरचा अहवाल येतो, कॉलमना जॅकेटिंग करा म्हणतो, आणि तेव्हा लोक विचारतात, इतकी वर्षं भरलेला सिंकिंग फंड कुठे आहे? झाडाची एक फांदी चुकली होती, एवढंच उत्तर असतं कधी कधी.

याच्या जोडीचं दुसरं खातं असतं: सिंकिंग फंडाची एफडी. फंड हा एका बाजूला, एफडी दुसऱ्या बाजूला, मालमत्तेत. नावं सारखी असल्यामुळे रचना नेताना लोक यातलं एक 'डुप्लिकेट' समजून काढून टाकतात. काढू नका. दोन्ही लागतात, आणि दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून बघायची सवय लावा. फंड ६ लाखांचा आणि एफडी २ लाखांची असेल तर मधले ४ लाख कुठे गेले, हा प्रश्न तिथल्या तिथे उभा राहतो.

बरं, आता प्रत्यक्ष कसं करायचं. दोन सॉफ्टवेअर घेतो, ग्नूकॅश आणि टॅली.

ग्नूकॅश फुकट आहे, ओपन सोर्स आहे. त्यात फाइल मेनूत एक्स्पोर्ट, आणि त्यात 'एक्स्पोर्ट अकाउंट्स' असा पर्याय आहे. तो दाबला की ग्नूकॅशची एक नवीन फाइल तयार होते, त्यात फक्त झाड असतं. नोंदी नाहीत, शिल्लक नाही, सगळी खाती शून्यावर. बऱ्याच जणांना इथे घाम फुटतो, "सगळे पैसे गेले!" पैसे जुन्या फाइलमध्ये आहेत, काळजी नको. दुसरा रस्ता सीएसव्हीचा: झाड सीएसव्हीत एक्स्पोर्ट करायचं, हवं तर एक्सेलसारख्या ठिकाणी बघायचं, आणि नव्या फाइलमध्ये इम्पोर्ट करायचं.

सीएसव्हीचा रस्ता मोकळा वाटतो, पण त्यात खड्डे आहेत. खात्यांचे कोड '०१०१' असे असतील तर एक्सेल पुढचं शून्य खाऊन टाकतं, मग १०१ आणि ०१०१ वेगळी खाती होती की एकच, हे शोधत बसा. खात्यांची नावं मराठीत असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे ना ते बघा, नाहीतर 'पाणीपट्टी'च्या जागी नुसती चिन्हांची रांगोळी दिसेल. खात्याच्या नावात अपूर्णविराम, म्हणजे ते दोन ठिपके, वापरू नका. ग्नूकॅश मुळात त्याच चिन्हानं फांदी आणि पोटफांदी वेगळी करतं, त्यामुळे 'लिफ्ट: दुरुस्ती' असं नाव ठेवलं की 'दुरुस्ती' ही 'लिफ्ट'ची पोटफांदी समजली जाण्याची भीती. आणि ओळींचा क्रम बदलू नका, आधी मूळ खातं, मग पोटखातं. एक्सेलमध्ये कुणीतरी हौसेनं अकारविल्हे लावून ठेवतं आणि मग विचारतं की इम्पोर्ट का अडलं.

शिल्लक मग वेगळी भरायची. १ एप्रिलच्या तारखेला, प्रत्येक खात्याची ३१ मार्चची बाकी, समोर 'ओपनिंग बॅलन्सेस' नावाचं खातं. यात एक छान गंमत आहे. मालमत्ता, देणी, सगळे निधी, मागच्या वर्षांचा वाढावा, सगळं भरून झालं की त्या 'ओपनिंग बॅलन्सेस' खात्याची बाकी शून्य यायला हवी. ताळेबंद मुळात जुळलेला होता ना, मग उरणार काय? शून्य आलं नाही तर काहीतरी राहिलंय किंवा काहीतरी उलट्या बाजूला पडलंय. फरकाला दोननं भागून बघा, तेवढ्या रकमेची नोंद सापडली तर ती जमेऐवजी नावे पडलेली असते. अकरावी-बारावीला पुस्तपालन घेतलेले आत्ता हसत असतील. मी सायन्सचा, मला हे एका रिटायर्ड बँकवाल्या काकूंनी शिकवलं.

टॅलीत भाषा वेगळी आहे. तिथे खाती, गट यांना मास्टर्स म्हणतात. मास्टर्स एक्स्पोर्ट करायचे, एक एक्सएमएल फाइल मिळते, नव्या कंपनीत जाऊन ती इम्पोर्ट करायची. टॅलीत २८ गट तयारच येतात, त्यातले १५ मुख्य आणि १३ पोटगट, त्यामुळे झाडाचा बुंधा प्रत्येक कंपनीत सारखाच असतो. तुम्ही नेता ती वरची पालवी: सभासदांची खाती, निधी, खर्चाची खाती. एक्स्पोर्ट करताना अखेरची शिल्लक आरंभीची म्हणून न्यायची का, असाही पर्याय आहे. तो 'हो' केला तर झाड आणि शिल्लक एकदम जातात. सोय चांगली आहे, फक्त जुन्या कंपनीत तारीख ३१ मार्चवरच आहे ना ते आधी बघा.

टॅलीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती इम्पोर्टच्या वेळची एक ओळ. त्याच नावाचं खातं आधीच असेल तर काय करू, असं ते विचारतं. तीन उत्तरं असतात: आरंभीच्या शिलका एकत्र कर, आधीचं आहे ते राहू दे, किंवा नवीन माहितीनं बदल. 'एकत्र कर' ठेवून तुम्ही तीच फाइल दोनदा इम्पोर्ट केलीत, नेट गेलं वाटलं, लाइट गेली, झालं की नाही कळलं नाही म्हणून, तर शिल्लक दुप्पट होण्याचा धोका आहे. आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजू दुप्पट झाल्या तर तेरीज जुळतेच! म्हणून इम्पोर्टच्या आधी नव्या कंपनीचासुद्धा बॅकअप घ्या. रिकामी असली तरी.

इथपर्यंत सगळं यूट्यूबवर मिळेल. आता त्या तीन रविवारांबद्दल.

डोंबिवलीच्या त्या सोसायटीचं झाड मी उघडलं तेव्हा त्यात सभासद सोडून ६१ खाती होती. २४ फ्लॅटच्या सोसायटीला ६१! 'रंगकाम', 'रंगकाम नवीन', 'टाकी', 'टाकी साफसफाई', 'पाण्याची टाकी', आणि शेवटी 'सस्पेन्स'. वर्षानुवर्षं ज्याला जसं सुचलं तसं खातं उघडलेलं. इंजिनियर माणसाचा हात अशा वेळी शिवशिवतो. चला, नवी फाइल करतोच आहोत तर झाड स्वच्छ करू, तीन टाक्यांची एक टाकी करू, सस्पेन्स काढून टाकू. नव्या कमिटीतल्या एकांचंही तेच म्हणणं होतं. सस्पेन्समध्ये १८,४५० रुपये जमा बाजूला पडून होते, कितीतरी दिवस. ते म्हणाले, हे राखीव निधीत टाका, सोसायटीचेच पैसे आहेत, आणि नव्या फाइलमध्ये सस्पेन्स नकोच, ऑडिटर प्रश्न विचारतो.

माझा नियम साधा आहे, आणि तो कोड हलवतानाचाच आहे. हलवणं आणि सुधारणं एका वेळी करायचं नाही. आधी जसंच्या तसं हलवा, दोन्हीकडचे आकडे ताडून बघा, मग सुधारा. किंवा आधी जुन्या जागी सुधारा, मग हलवा. दोन्ही एकदम केलं की आकडा चुकला तर तो हलवताना चुकला की सुधारताना, हे कधीच कळत नाही. झाड उपटून दुसरीकडे लावताना त्याच दिवशी कुणी छाटणी करत नाही.

म्हणून मी म्हटलं, सस्पेन्स जसंच्या तसं येईल, नाहीतर आधी जुन्या फाइलमध्ये त्याचा उलगडा होईल. सस्पेन्स म्हणजे काय? पैसे आलेत पण कुणाचे ते कळलं नाही, असे पैसे. सोसायटीच्या खात्यात असले तरी ते कुणाचे तरी आहेत.

मग आम्ही बसलो. बँक स्टेटमेंटमधून सस्पेन्सला टाकलेल्या जमा शोधल्या. सहा निघाल्या, सहा वेगवेगळ्या महिन्यांतल्या, प्रत्येक ३,०७५ रुपयांची. सहा गुणिले ३,०७५, बरोबर १८,४५०. आणि ३,०७५ हे तेव्हाचं एका फ्लॅटचं महिन्याचं मेंटेनन्स होतं. म्हणजे कुणीतरी सहा महिने वेळेवर मेंटेनन्स भरलं होतं आणि ते कुणाच्याच नावावर लागलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला सभासदांच्या थकबाकीच्या यादीत एक नाव होतं, त्याच सहा महिन्यांचं. पहिल्या मजल्यावरच्या आजी. एकट्या राहतात. त्या वर्षी त्यांचं पायाचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मुलीनं तिच्या खात्यावरून पैसे पाठवले होते. स्टेटमेंटवर आलं मुलीचं सासरचं आडनाव, फ्लॅट नंबर नाही. अकाउंटंटला ते आडनाव सभासदांच्या यादीत सापडलं नाही, म्हणून त्यानं ते सस्पेन्सला टाकलं. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी तेच केलं असतं. ते खातं त्यासाठीच असतं. पुढे कुणी ते उघडून बघितलं नाही, एवढंच.

तेव्हाच्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावू शकत होती. या सोसायटीनं पूर्ण २१ ठरवलं होतं. १८,४५० वर वर्षाचे जवळपास ३,८७५ रुपये होतात. तीन वर्षांत व्याजच साडेअकरा हजारांच्या वर गेलं होतं. आणि नोटीस बोर्डावर थकबाकीदार म्हणून नाव. आजींनी दोनदा सांगितलं होतं की मुलीनं भरलेत. पावती दाखवा म्हटल्यावर त्यांच्याकडे पावती नव्हती, कारण सस्पेन्सच्या जमेची पावती कुणाच्या नावानं फाडणार?

सस्पेन्स राखीव निधीत टाकून झाड 'स्वच्छ' केलं असतं, तर नव्या फाइलमध्ये आजींची थकबाकी मागील बाकी म्हणून आली असती, आणि त्यांनी भरलेले पैसे मात्र निधीत गडप. मग ते कधीच सापडले नसते, कारण नव्या फाइलमध्ये जुन्या नोंदीच नव्हत्या.

आजींच्या मुलीला फोन केला, तिनं तिच्या बँकेचं स्टेटमेंट पाठवलं. सहाच्या सहा तारखा जुळल्या. मग जुन्या फाइलमध्येच नोंद केली: सस्पेन्स नावे, आजींचं खातं जमा. व्याजाचा प्रश्न थोडा अवघड होता, कारण आधीच्या वर्षांचे हिशेब ऑडिट होऊन बंद झालेले. जुन्या वर्षात हात घालायचा नाही, कमिटीनं ठराव करायचा आणि चालू वर्षात व्याज उलटवायचं, असं ऑडिटरनी सांगितलं. तसं केलं. सेक्रेटरी काका स्वतः जाऊन नोटीस काढून आले बोर्डावरून. आजींना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "मी सांगत होते ना रे." बाकी काही नाही. चहा दिला.

त्यानंतर झाड जसंच्या तसं नव्या फाइलमध्ये नेलं, ६१ खात्यांसकट. सस्पेन्स आता शून्यावर होतं, पण खातं ठेवलं. ते लागतंच. आकडे ताडले, आणि मग पुढच्या महिन्यात तीन टाक्यांची एक टाकी केली. खाती ६१ वरून ३८ वर आली.

ताडायचं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण लोक फक्त एकूण बेरीज बघतात. ३१ मार्चची जुन्या फाइलची तेरीज आणि १ एप्रिलची नव्या फाइलची तेरीज शेजारी ठेवा, खातं खात्याला लावून बघा. सभासदांची खाती तर एकेक. एका फ्लॅटचे २,००० दुसऱ्या फ्लॅटच्या नावावर गेले तर एकूण बेरीज जुळतेच, पण त्या दोन घरांत भांडण ठरलेलं. आम्ही प्रत्येक सभासदाला त्याच्या बाकीची चिठ्ठी दिली आणि सही घेतली. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांची यादी टाकू नका, कुणाचं किती थकलंय हे बाकीच्यांना कळायची गरज नसते.

आता एका बिल्डिंगमधून जरा मोठ्या ठिकाणी जाऊ. ठाण्यात घोडबंदर रोडला एकाच गेटच्या आत पाच-सात बिल्डिंगा असतात, प्रत्येकीची वेगळी सोसायटी आणि क्लबहाऊस, बाग, रस्ते यांच्यासाठी वर एक सामाईक संस्था. तिथे झाड नेणं हे एकदाचं काम राहत नाही, ते झाड पाच फाइलींत एकसारखं असावं लागतं. नसेल तर 'तुमच्या बिल्डिंगचा लिफ्टचा खर्च आमच्या दुप्पट का' या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण एकानं लिफ्टचं वीजबिल लिफ्टखाली टाकलंय, दुसऱ्यानं विजेखाली. माझा एक मित्र तिथे हे बघतो. त्यानं एक वेगळी फाइल ठेवलीय, जिच्यात एकही नोंद करायची नाही, फक्त झाड. नवं खातं हवं असेल तर आधी तिथे उघडायचं, मग पाचही ठिकाणी न्यायचं. तो तर ग्नूकॅशच्या फाइलचं कॉम्प्रेशन बंद करून ठेवतो, मग ती साधी एक्सएमएल असते आणि दोन आवृत्त्यांत काय बदललं ते ओळीगणिक दिसतं. डेव्हलपर मंडळींना गुदगुल्या होतील. बाकीच्यांनी एक वही ठेवली तरी पुरे.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं तर आपल्या महापालिका बघा. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवली १९८३ ची. देशभरातल्या पालिकांसाठी २००४ मध्ये राष्ट्रीय पालिका लेखा संहिता आली. तिच्यात खात्यांच्या कोडचा पहिला आकडाच फांदी सांगतो: १ म्हणजे उत्पन्न, २ खर्च, ३ देणी आणि निधी, ४ मालमत्ता. ११० दिसलं की कराचं उत्पन्न, २१० म्हणजे आस्थापना खर्च. नाव मराठीत असो, तमिळमध्ये असो, कोडवरून खातं कुठे बसतं ते कळतं. आमच्या सोसायटीत मी हीच कल्पना उचलली. सिंकिंग फंडाचा कोड ३ नं सुरू होतो. उद्या कुणी तो उत्पन्नाखाली ओढला तर १ च्या रांगेत एक ३ उठून दिसेल, हिशेब न शिकलेल्या माणसालासुद्धा.

एक प्रश्न हमखास येतो: दरवर्षी नवी फाइल करावी का? माझं मत, गरज नाही. टॅली काय किंवा ग्नूकॅश काय, अनेक वर्षं एकाच फाइलमध्ये नीट राहतात, फक्त तारखांचा कालावधी बदलून रिपोर्ट काढायचा. नवी फाइल तेव्हाच करा जेव्हा सॉफ्टवेअर बदलतंय, सोसायटीचे भाग होतायत, किंवा जुनी फाइल खरंच हाताबाहेर गेलीय. 'नवीन कमिटी, नवीन सुरुवात' हे कारण मला पटत नाही.

आणि केलीत, तर जुनी फाइल टाकू नका. पासवर्डसकट सोसायटीच्या ताब्यात ठेवा, एक प्रत सेक्रेटरीकडे, एक खजिनदाराकडे, आणि तिच्यात नवीन नोंद करायची नाही असं ठरवा. सगळ्या रिपोर्टच्या पीडीएफ काढून ठेवा, कारण दहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर उघडेलच याची खात्री नाही, पीडीएफ उघडेल. पासवर्ड जुन्या अकाउंटंटच्या डोक्यात असेल तर तो हिशेब पूर्ण होण्याआधी मागून घ्या, नंतर फोन उचलला जात नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. म्हणजे हे काम करणार असाल तर एप्रिल-मेमध्येच करा, गणपतीत कुणी भेटत नाही. पुढच्या भागात मेंटेनन्सच्या बिलातली एकेक ओळ घेऊन बसू. कुठली सगळ्यांना सारखी आणि कुठली फ्लॅटच्या आकारानुसार, यावरून तुमच्या बिल्डिंगमध्ये वाद झाला असेल तर बिलाचा फोटो पाठवा, नाव आणि फ्लॅट नंबर झाकून. चला, भेटू.